माशांचा गिझर

आमच्याकडे बांगडा तळायचा असला की आई आधी माशांच्या टाकीवर टॉवेल टाकते. चारी बाजूंनी नीट, काचेचा कोपरासुद्धा दिसता कामा नये. ही बाबांची पद्धत. डोंबिवलीच्या घरात हॉलमध्ये टाकी, टाकीसमोर जेवणाचं टेबल, आणि आम्ही तिघंही अट्टल मासेखाऊ. "त्यांच्यासमोर नको," असं म्हणायचे बाबा, टॉवेल टाकायचे आणि मग तिसरी तुकडी ताटात ओढायचे. बाबा गेले, टॉवेल राहिला. तीच टाकी आणि तोच टॉवेल आता फरीदाबादला माझ्या हॉलमध्ये आहेत. मासे इथे कसे टिकले, खरं म्हणजे आई इथे कशी टिकली, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी इंजिनीअरिंगची कामगिरी आहे, आणि ती मी कोणीही न विचारता सांगत असते.

आता बढाईच मारायची तर नीट मारते. मी मेकॅनिकल इंजिनीअर. इथल्या एका कारखान्यात आम्ही हीट एक्स्चेंजर बनवतो. म्हणजे एका पाण्याची उष्णता दुसऱ्या पाण्याला द्यायची, पण दोन्ही पाण्यांची भेट होऊ द्यायची नाही, अशी यंत्रं. केसांचा रंग लपवायला लागेपर्यंत मी हेच करत आलेय. हे लक्षात ठेवा, पुढे माझी अब्रू यावरच जाणार आहे.

दिवाळी झाली आणि आई डोंबिवलीत बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही. पण दाराला आतून कडी, मोबाइल बाहेर हॉलमध्ये. शेजारच्या काकूंना हाका ऐकू जाऊन त्यांनी दार तोडायला माणूस आणेपर्यंत ती ओल्या फरशीवर बसून होती. मला फोनवर काय म्हणाली? "काही नाही गं, जरा टेकले होते." नवरा म्हणाला, "तू विमानाने जा आणि आईंना घेऊनच ये. विचारू नकोस, आणच."

आणणं काय सोपं होतं? आईचा जुना बाणा, जावयाच्या घरी मुक्काम टाकायचा नाही. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," हे ती मला ऐकवत बसली. त्यात पुण्याहून मावशीचा फोन, "जावयाकडे राहणार? लोक काय म्हणतील?" कोण लोक, ते मावशीने आजवर सांगितलेलं नाही. शेवटी आई दोन अटींवर तयार झाली. एक, मासे बरोबर येतील. दोन, संक्रांत झाली की परतीचं तिकीट, आणि ते मी तिच्या डोळ्यांदेखत काढायचं. मी निमूट काढलं. नाहीतर ती हललीच नसती.

टाकी रजयांत गुंडाळून आधी पाठवली. मासे आमच्याबरोबर ट्रेनने आले, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यात, आईच्या दोन पायांच्या मध्ये. बाबांची एंजल माशांची जोडी, चांदीच्या पत्र्यासारखी चपटी, अंगावर काळे पट्टे, आणि दोन काळ्या मॉली. रात्रभर ती खाली वाकून त्यांच्याशी बोलत होती. उतरताना म्हणाली, "बघू या, यांना इथली हवा मानवते का. यांना मानवली तर मलाही मानवेल."

सहज म्हणाली. पण माझ्या आईचं सहज म्हणणं म्हणजे सरकारी आदेश. हळूहळू घरात तेच ठरून गेलं, मासे जगले तर आई राहील.

नोव्हेंबर गोडीगुलाबीत गेला. डिसेंबर लागला आणि आम्ही मुंबईकडच्यांनी करायची ती घोडचूक केली. डोंबिवलीत बाबा शनिवारी बादल्या भरून ठेवायचे आणि रविवारी ते, क्लोरीन उडून गेलेलं पाणी टाकीत घालायचे. आयुष्यभर केलं, एका माशाला शिंक आली नाही. आईनेही शनिवारी बादल्या भरल्या, माझ्याच देखत, बाल्कनीत ठेवल्या. हीट एक्स्चेंजरवाली मी त्या बादल्यांना वळसा घालून कपडे वाळत घालत होते! फरीदाबादच्या डिसेंबरात रात्रभर बाल्कनीत राहिलेलं पाणी म्हणजे बर्फच की. सकाळी ते टाकीत गेलं आणि थोड्या वेळात एंजलची जोडी तळाशी आडवी. कल्ले तेवढे हलत होते.

दुपारी आई जेवली नाही. मी तडक बाजारात गेले आणि माशांच्या टाकीत घालायचा हीटर घेऊन आले, काचेच्या नळीतला. तो टाकीत सोडला, बटण दाबलं, आणि आईने येऊन बटण बंद केलं.

"पाण्यात वीज घालायची नाही."

"अगं आई, त्यासाठीच बनवलेला असतो तो. जगभर वापरतात."

"जगाला वापरू दे. मी रोज त्या पाण्यात हात घालते. मला माशांच्या आधी वर पाठवायचंय का तुला?"

हट्टी आहेच, पण या बाबतीत तिचं काही चुकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी लहान असताना बादलीत रॉड लावून पाणी तापवताना तिला असा झटका बसला होता की ती मोरीतून पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत फेकली गेली. तेव्हापासून पाणी आणि वायर एकत्र दिसली की ती चप्पल घालून उभी राहते. मी ऑफिसला गेले की हीटर बंद, मी आले की चालू, असा आमचा खेळ काही दिवस चालला. माझा नवरा दोन्हीकडून मान डोलवायचा. जावई म्हणून तो फारच चांगला आहे, नवरा म्हणून मला त्या दिवसांत त्याचा राग यायचा.

मग एके दिवशी आईने स्वतःच उपाय काढला. स्वयंपाकघरातला भांड्यांसाठीचा गिझर लावला, मगाने गरम पाणी आणून टाकीत ओतायला लागली, आणि मधूनमधून बाही वर करून कोपर बुडवून बघायची. कोपराला सोसेल ते पाणी बरोबर, ही तिची परीक्षा. "तुमच्या बायकोला अशीच आंघोळ घातलीय मी," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. तो बिचारा घरून काम करत होता, मीटिंगमध्येच उठून थर्मामीटर घेऊन आला. कोपर एकदम बरोबर होतं हो! बाळाच्या आंघोळीला जसं हवं तसं, सदतीस. एंजलना सव्वीस-सत्तावीस पुरे असतं.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा दोन्ही मॉली गेल्या होत्या. एंजल वरती तोंड काढून आ वासत होते. माझा तोल गेला.

"आई, मासे आहेत ते! तान्हं बाळ नाहीये!"

आई एकदम वळली. "एवढी शिकलीस ना? बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. कारखान्यात अख्ख्या दुनियेचं पाणी तापवतेस, आणि घरातल्या एवढ्याशा टाकीचं पाणी कोमट ठेवता येईना तुला?"

ती मेलेल्या मॉलींना तुळशीच्या कुंडीत पुरून आली, हात धुतले, आणि शांतपणे म्हणाली, "यांना इथली हवा मानवत नाही. मलाही नाही. संक्रांत झाली की आम्ही तिघं परत जातो." तिघं म्हणजे ती आणि दोन एंजल.

ती ओरडली असती तर मी भांडले असते. शांतपणे म्हणाली म्हणूनच मला धडकी भरली. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी मनसोक्त रडले. मला ती बंद दाराआडची ओली फरशी दिसत होती. पुढच्या वेळी शेजारच्या काकू गावाला गेलेल्या असल्या तर? माझी आई मला माझ्याजवळ हवी होती. एवढं साधं होतं, आणि मध्ये दोन मासे उभे होते.

डोळे पुसून आत गेले. टेस्टिंगला एक नग लावला होता. स्टीलच्या ड्रममध्ये स्टीलची कॉइल, म्हणजे नळीचं वेटोळं, कॉइलमधून गरम पाणी, भोवती गार पाणी. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाण्यात वीज नको ना? नको. गरम पाणी ओतायचं नाही ना? नाही. मग मी आयुष्यभर करतेय काय?

त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन स्टीलची बारीक नळी मागितली. किती लांब, कशाला, असं सगळं विचारून झाल्यावर दुकानदार मान वाकडी करून म्हणाला, "भाभीजी, सच बताइए, दारू निकालनी है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, मछली पालनी है." तो बराच वेळ हसला.

नळी सरळ होती, तिचं वेटोळं करायचं होतं. बारीक नळी वाकवताना मध्ये चेपते, म्हणून आधी आत वाळू ठासून भरली आणि दोन्ही टोकं बंद केली. गोल कशाभोवती वाकवायची? घरातली सगळ्यात मजबूत गोल वस्तू म्हणजे आईचा डोंबिवलीहून आलेला कुकर. तो तिच्यासमोरूनच उचलला.

"पोचा आला तर बघ हां," आई म्हणाली.

"मग धर घट्ट."

तिने धरला. एका बाजूने ती कुकर दाबून बसली, दुसऱ्या बाजूने नवरा नळी ओढत होता, मी वेटोळं फिरवत होते, आणि तिघंही एकमेकांवर खेकसत होतो. घरात कितीतरी दिवसांनी मोकळा आवाज झाला.

स्वयंपाकघराचा गिझर आणि टाकी यांच्यामध्ये एकच भिंत. तिला भोकं पाडली. गिझरचं गरम पाणी नळीतून भिंतीपलीकडे, तिथून टाकीत बुडवलेल्या कॉइलमधून फिरून परत गिझरमध्ये. पाणी फिरवायला एक छोटासा पंप, तो अलीकडे ओट्याखाली. या नळीत वरून पाणी भरायला मी नवऱ्याचा जुना स्टीलचा डबा बसवला, खाली पाणी काढायला एक नळ. तापमान बघून सव्वीस झालं की पंप थांबवणारा सेन्सरसुद्धा काचेला बाहेरून चिकटवला. टाकीत वायरचा एक धागा नाही. भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी त्यानंतर गॅसवर पाणी तापू लागलं, कारण गिझर आता माशांचा होता.

आई हात मागे बांधून सगळं बघत होती. "पण ते पाणी माशांच्या पाण्यात जाणार नाही?"

"थेंबभरही नाही."

"मग गरम कसं होईल?"

"तू गरम दुधाचं पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवतेस तेव्हा दुधात पाणी जातं का? पण परातीतलं पाणी कोमट होतं ना?"

"हं," आई म्हणाली. माझ्या सगळ्या शिक्षणात इतका अवघड परीक्षक मला भेटला नव्हता.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एक जोड सुटला आणि फवारा थेट नवऱ्याच्या चष्म्यावर. दुसऱ्यांदा नीट चाललं. आकडा सावकाश चढत गेला, सव्विसावर आला आणि तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी एंजल खायला वर आले. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "बघू." तिकीट तसंच होतं.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. खिडकीबाहेर समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती असं धुकं, आणि सकाळीच लाइट गेली. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. पंप इन्व्हर्टरवर चालत होता, पण गिझरचा भार इन्व्हर्टर कुठून ओढणार? गिझरमधलं पाणी होतं तोवर आकडा टिकला. मग घसरायला लागला. पंचवीस. मग त्याच्याही खाली.

मी ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली. मागे वळून बघते तर आईने गॅसवर सगळ्यात मोठं पातेलं चढवलं होतं, पदर खोचला होता, आणि म्हणत होती, "त्या डब्यातून ओतलं तर चालेल ना?"

चालेल? धावेल! मी खालच्या नळाने गार झालेलं पाणी बादलीत काढायचे, ती वरच्या डब्यात गरम ओतायची. "सावकाश, आई." "मला शिकवू नकोस, लग्नात शंभर माणसांचा चहा केलाय मी." एकदा सवयीने तिने बाही वर केली आणि कोपर टाकीकडे न्यायला लागली. मी नुसतं बघितलं. तिने कोपर मागे घेतलं, थर्मामीटर उचलला, आणि चष्मा वर करून वाचला. "चोवीस आहे. ओतू?" "ओत."

असं आम्ही दिवसभर केलं. दुपारी नवऱ्याने खिचडी लावली, ती आम्ही उभ्यानेच खाल्ली. खिडक्यांवर वाफ धरली होती. आई घामाघूम, मी घामाघूम, बाहेर अख्खं फरीदाबाद कुडकुडतंय. संध्याकाळी लाइट आली, गिझरचा लाल दिवा लागला, आणि आकडा दिवसभरात एकदाही चोविसाच्या खाली गेला नव्हता. मी हॉलमध्ये अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरून फोन आला, "सब ठीक है ना?" "बिल्कुल ठीक है!" मी ओरडले. आई सोफ्यावर बसून हसत होती, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, तिळाच्या वड्या थापून झाल्या होत्या आणि तिकिटाचा दिवस जवळ आला होता, तेव्हा सकाळी आईने मला हाका मारून उठवलं. टाकीत कॉइलकडे जाणारी जी उभी नळी होती, माझी नळी, त्या नळीवर बारीक मोत्यांसारखी अंडी ओळीने चिकटवली होती. एंजलची जोडी दोन बाजूंना पहाऱ्याला. डोंबिवलीत इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही अंडी घातली नव्हती. पाणी सारखं गार-गरम होत असलं तर कोण बाळंत होईल? सव्वीस! बरोबर सव्वीस!

"तिकीट पुढे ढकल," आई काचेला नाक लावून म्हणाली. "बाळंतिणीला टाकून जातं का कोणी? सव्वा महिना तरी धरायलाच हवा."

मी आनंदाने नवऱ्याला उठवायला धावले. तिकीट रद्द मात्र केलं नाही. आईचा शब्द फिरला तर काय, असं मनात होतंच.

आणि दोन दिवसांनी नळी स्वच्छ. एक अंडं नाही. दोघा आईबापांनी सगळी मटकावली होती आणि कोपऱ्यात शहाण्यासारखे तरंगत होते. मी दात घासायचा ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिले. संपलं, मला वाटलं. आता बाळंतीणही नाही आणि सव्वा महिनाही नाही.

आई आली. तिने बघितलं. "आपलीच पोरं खाल्लीत मेल्यांनो? लाज नाही वाटत?" टाकीला तिने असं काही झापलं की एंजल खरोखर मागे सरकले. मग ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली.

"परत कधी घालतील?" तिने विचारलं.

"दोन-तीन आठवड्यांत. पाणी असंच राहिलं तर घालतच राहतात म्हणे."

"यांना काही वळण नाही. मी नसले तर परत खातील." ती उठली, टॉवेलची घडी नीट केली, आणि जाता जाता म्हणाली, "आणि ते तिकीट अजून कशाला ठेवलंयस?"

मी तोंडात ब्रश तसाच ठेवून मोबाइल काढला. घाईघाईत रद्दचं बटण दोनदा चुकलं.

त्या दुपारी पुण्याहून मावशीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, आई हॉलमध्ये. मावशीचा आवाज मला इकडेही ऐकू येत होता. "संक्रांत झाली की गं. अजून जावयाच्याच घरी?"

"जावयाच्या घरी कोण राहतंय?" आई म्हणाली. "माझ्या लेकीने इथे कारखाना घातलाय. मी तो चालवते."